‘स्किन कलर’चा खडू: मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: बालवाडीतल्या मेणखडूंच्या पेटीत एक फिकट, पिवळसर-गुलाबी खडू असतो. मुलं, पालक, दुकानदार सगळेच त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात. परवा चार वर्षांची एक मुलगी आईचं चित्र रंगवत होती. शेजारच्या मुलाने तिच्या हातातला तपकिरी खडू काढून घेतला आणि हा दिला, “तोंडाला हाच लावायचा असतो.” तिने तो मनगटावर धरून पाहिला आणि माझ्याकडे घेऊन आली, “ताई, आई अशी नाहीये.” मला मराठी शब्द हवा आहे. ‘त्वचावर्ण’ वगैरे नको, चार वर्षांच्या जिभेवर बसेल असा.

शेवंती: ‘अंगरंग’ कसा वाटतो? किंवा सरळ ‘कातडी रंग’?

रानवारा: कृपा करून दोन्ही नकोत. ‘अंगरंग’ म्हटलं तरी कुणाच्या अंगाचा, हे उरतंच. नाव मराठी झालं, पण त्या मुलीची आई पेटीबाहेरच राहिली. अमेरिकेत क्रेयोलाच्या पेटीत ह्याच खडूचं नाव ‘फ्लेश’ असायचं. १९६२ साली कंपनीने ते बदलून ‘पीच’ केलं, म्हणजे थेट फळाचं नाव दिलं.

आपल्याला तर हे परकं नाहीच. आमसुली, बदामी, मोतिया, विटकरी, शेवाळी, मोरपंखी: मराठीत रंग वस्तूवरूनच ओळखतात. हा खडू ‘फिकट अबोली’. वर्गात अबोलीचा गजरा आणा, खडू शेजारी ठेवा, मुलं पुन्हा विचारणार नाहीत.

शेवंती: अबोली पटली. मग माणसाच्या रंगाला मुलांनी काय म्हणायचं? काळा-गोरा हे शब्दच टाळावेत का?

रानवारा: टाळू नयेत. शब्द भरपूर आहेत: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. अडचण त्यांच्या आजूबाजूच्या शब्दांत असते. ‘काळी आहे, पण नाकीडोळी नीटस’, ‘सावळी असली तरी तरतरीत’. हे ‘पण’ आणि ‘तरी’ मुलं आपल्याकडून उचलतात, आणि ते शिकवल्याचं आपल्याला कळतही नाही. ‘गोरी आहे, पण हुशार’ असं कुणी म्हटलेलं ऐकलंय?

‘सावळा’ हा फार गोड शब्द. विठोबा सावळा, कृष्ण सावळा. पण बालवाडीत तो बऱ्याचदा समजूत घालायला वापरतात. मूल रडत येतं, “मला काळी म्हणाला.” ताई जवळ घेते, “नाही गं, तू कुठे काळी, तू सावळी!” ताईंची माया खरी असते, तरी काळं असणं वाईट यावर शिक्कामोर्तब होतं. त्यापेक्षा म्हणावं, “हो, तुझा रंग काळा आहे, छान आहे. त्याने तुला चिडवलं हे चुकलं.” आणि चिडवणाऱ्यालाही तिथेच, तिच्यासमोर सांगावं. दोघांना वेगवेगळं गाठून नव्हे.

ओसरी: एवढ्याशा लेकरांच्या मनात पूर्वग्रह शोधणं जरा जास्तच होतंय. मुलं निरागस असतात, ती रंग बघतच नाहीत.

रानवारा: बघतात, आणि फार लवकर बघतात. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्या. चांगली कुठली, वाईट दिसते ती कुठली, असं विचारलं. बहुतेक मुलांनी गोऱ्या बाहुलीला चांगली म्हटलं. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा हवाला आहे. तिथला इतिहास वेगळा, आपली जात आणि रंगाची गुंतागुंत वेगळी. पण तीन वर्षांचं मूल मोठ्यांची आवडनिवड टिपतं, हे इथेही तेवढंच खरं. पूर्वग्रह मोठ्यांचा असतो, मूल तो पाठ करतं.

ओसरी: बाहुल्यांचं ठाऊक नव्हतं. ‘रंग बघत नाहीत’ हे मागे घेतो. पण भाषेतच काळ्याबद्दल अढी आहे त्याचं काय? तोंड काळं करणं, काळं फासणं, काळी नजर.

रानवारा: आहे, पण एकाच बाजूला नाही. ‘पांढऱ्या पायाची’ हीही शिवीच आहे, तीही बाईलाच. आणि गावात ‘काळी’ म्हणजे पिकाऊ जमीन, ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. शेतकऱ्याच्या तोंडी ‘काळी’ मायेने येते. बालवाडीत काळा शब्द तिथूनच आणावा: काळी माती, काळे तीळ, काळी चंद्रकळा, काळेभोर डोळे. माणसाच्या रंगाशी गाठ पडण्याआधी हा शब्द मुलांनी चांगल्या संगतीत ऐकलेला असू दे.

पाटीपेन्सिल: ‘फिकट अबोली’ सोमवारपासून सुरू. ‘पण’बद्दल सहकारी ताईंशी बोलणार आहे. स्नेहसंमेलनाचंही आहेच. परी आणि राजकन्या दरवर्षी गोऱ्या मुलींतूनच निवडल्या जातात, आणि ‘स्टेजवर उठून दिसतात’ हे कारण सर्रास दिलं जातं. ‘उठून दिसणं’ याबद्दल वेगळा धागा काढते.

शेवंती: काढाच. तोवर एक: तपकिरीवर पिवळा हलक्या हाताने घासला की गव्हाळ जवळपास जमतो. काळासावळा हवा तर आधी तपकिरी गच्च भरून वर जांभळा अगदी पुसट फिरवायचा. नुसता काळा लावला तर नाकडोळे काढायला जागा राहत नाही.