फ्लॉसकाठची मॅगी घरी परत का आली?

कुर्टीची_वाचक (फोंडा)

नमस्कार मंडळी. जॉर्ज एलियट (हे एका बाईंचं टोपणनाव) यांच्या १८६० सालच्या 'द मिल ऑन द फ्लॉस' या कादंबरीचं नवं पुनर्मुद्रण या पावसाळ्यात हाती आलं. मूळचे तीन खंड एकाच जाड पुस्तकात. टाईप बारीक आहे, पण शेवटच्या टिपा चांगल्या आहेत. आमच्या वाचनगटात तिच्या नायिकेवरून, मॅगी टलिव्हरवरून, दोन तट पडले आहेत आणि माझ्या भाचीचा नि माझा वाद तर जेवतानाही संपत नाही. (पुढे शेवट उघड होतो. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं.)

टलिव्हरांची डॉर्लकोट गिरणी पिढ्यान्‌पिढ्यांची. वरच्या अंगाचा शेजारी नदीचं पाणी शेताकडे वळवतो म्हणून टलिव्हर कोर्टात जातो, हरतो आणि कर्जात बुडतो. विरुद्ध बाजूचा वकील वेकम गिरणी विकत घेतो आणि टलिव्हरला तिथेच त्याच्या हाताखाली राबावं लागतं. मग तो मुलाला, टॉमला, घरच्या बायबलमध्ये लिहायला लावतो की वेकमला कधी क्षमा करणार नाही. असं लिहायला लावू नका म्हणून मॅगी बापाला विनवते, पण टॉम तिलाच गप्प करतो आणि लिहितो. आता मॅगीशी बरोबरीने बोलणारा, तिला पुस्तकं देणारा एकच माणूस, फिलिप, आणि तो त्याच वेकमचा मुलगा! हे पान वाचताना मला दर वेळी राग येतो. बापाचं वैर मुलांच्या हस्ताक्षरात उतरवायचं हा केवढा अन्याय.

पुढे मावसबहीण लूसीशी लग्न ठरल्यासारखाच असलेला स्टीफन मॅगीला होडीतून दूर नेतो. रात्र जहाजावर जाते. सकाळी ती लग्नाला नकार देऊन एकटी परतते आणि टॉम तिला दारातून घालवतो. भाची म्हणते, बदनामी झालीच होती, मग लग्न करून मोकळी का झाली नाही? गावानेही तिला सांभाळून घेतलं असतं. हे खरंच आहे, लेखिकेनेच तसं लिहिलंय.

माझं म्हणणं असं की ती टॉमसाठी परत आलीच नाही. लूसी आणि फिलिप यांनी तिच्यावर विश्वास टाकला होता, त्यासाठी आली. आमच्या सासरी १६ जानेवारी १९६७च्या गोव्याच्या जनमत कौलात सासऱ्यांनी फुलावर (महाराष्ट्रात विलीन व्हा) मत दिलं, चुलत सासऱ्यांनी दोन पानांवर (वेगळे राहा). दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली आणि घरात दोन चुली झाल्या. आजेसासूबाई दोन्हीकडे जेवायच्या आणि दोन्हीकडे ऐकून घ्यायच्या, 'तू त्यांची'. त्यांनी एकाही मुलाला सोडलं नाही. म्हणून मॅगीला मूर्ख म्हटलेलं मला सहन होत नाही. तुम्हाला काय वाटतं?

दिवाडकर

बाई, मी मांडवीच्या पाण्यात वाढलो, म्हणून होडीच्या प्रकरणावरच बोलतो. एलियटबाई १८५९ साली ट्रेंट नदीवरचं गेन्सबरो बघून आल्या होत्या. तिथेही भरती नदीतून आत चढते. ओहोटीला होडी खाली किती लांब जाते आणि उलट वल्हवताना खांदे कसे भरून येतात हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. स्टीफन म्हणतो, पाण्यानेच आपल्याला इथवर आणलं. पण उतरायचं गाव मागे पडत असताना वल्ही खाली ठेवून हाताची घडी घालून बसला तो! मॅगी आपल्या वाटची चूक कबूल करते आणि ओहोटीवर काहीच ढकलत नाही. माझं मत तुमच्या बाजूने.

वकीलबाई_म्हापसा

एक गोष्ट सगळे विसरतात. कर्जापायी घरातलं सामान लिलावात जातं तेव्हा टलिव्हरची बायको माहेरचं नाव घातलेल्या आपल्या कापडांना धरून रडते. लोक तिला हसतात, पण इंग्लंडमध्ये १८७०च्या कायद्याआधी बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याचीच धरली जायची. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ची, गोव्यात १८७०पासून. अर्धी मिळकत सक्तीच्या वारसांची, म्हणजे मृत्युपत्रानेही ज्यांना डावलता येत नाही त्यांची, आणि तीत मुली मुलग्यांच्या बरोबरीने. मॅगीच्या पायाखाली हक्काची वीतभर जमीन नाही, म्हणून टॉम तिला 'जा' म्हणू शकतो. तुमच्या भाचीचं 'लग्न करून मोकळी हो' त्यातूनच येतं. दुसरं छप्पर होतंच कुठे? तिचा मुद्दा मला हलका वाटत नाही.

मडगावचा_म्हातारा_वाचक

कुर्टीच्या ताई, मी तुमच्याशी सहमत नाही. ती टॉमसाठीच आली. शेवटी फ्लॉस नदीला पूर आल्यावर होडी घेऊन ती आधी गिरणीकडेच जाते ना? आणि लेखिकेचा सख्खा भाऊ आयझॅक पाहा. लग्नाशिवाय जॉर्ज हेन्री लुइस या लेखकासोबत राहते हे १८५७ साली तिने त्याला कळवलं आणि त्याने संबंध तोडले. थेट १८८०च्या मे महिन्यात तिने क्रॉसशी लग्न केलं तेव्हा अभिनंदनाचं पत्र आलं, आणि डिसेंबरात ती गेली. मधल्या वर्षांत ही कादंबरी लिहिणाऱ्या बाईच्या मनात भाऊ नव्हता असं मी कसं मानू?

कुर्टीची_वाचक (फोंडा)

दादा, पुराचं मान्य. पण जहाजावरचं तिचं स्वप्न पुन्हा वाचा. होडीत मेरीमाता बसलेली असते, तिचं तोंड लूसीचं. नावाडी आधी फिलिप वाटतो, मग तो टॉम होतो आणि तिच्याकडे न बघता निघून जातो. तिघेही एकाच होडीत आहेत. टॉमला त्यातून वेगळा काढणं तुम्हाला जमेल, मला नाही जमत.

वकीलबाई, तुमचं लिहिणं भाचीला वाचून दाखवलं. ती खूश झाली. तिला आता ग्लेगमावशीवरचं प्रकरण वाचायला सांगितलंय. ती कंजूष, तोंडाळ, मृत्युपत्राची धमकी देणारी मावशीच सगळं गाव उलटल्यावर टॉमला सुनावते, पुराव्याशिवाय आपल्या माणसाला वाईट ठरवायचं नाही, आणि मॅगीला आपल्या घरी बोलावते. छप्पर मिळत होतं, तरी मॅगी तिथे गेली नाही. लहानपणापासून ओळखीच्या बॉब जेकिन या फेरीवाल्याकडच्या भाड्याच्या खोलीत राहून स्वतः कमवायचं म्हणाली. यावर भाची काय म्हणते ते रविवारच्या बैठकीनंतर इथेच लिहीन.