लॅरी प्रेसलर: भारताचे मित्र की नुसते नावापुरते?

उंटावरचा शहाणा: नव्वदीत पेपर वाचणाऱ्यांना ‘प्रेसलर दुरुस्ती’ हे शब्द पाठ होते, माणूस मात्र कुणाला फारसा ठाऊक नव्हता. दक्षिण डकोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा. ऑक्सफर्ड, हार्वर्ड, व्हिएतनाममध्ये लष्करी सेवा, मग १९७९ ते १९९७ रिपब्लिकन सिनेटर. १९८५ची ही अमेरिकी कायद्यातली दुरुस्ती म्हणायची, पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही असं राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यावं, तरच त्याला अमेरिकेची मदत. ऑक्टोबर १९९०मध्ये थोरल्या बुशनी हात आखडता घेतला आणि पाकिस्तानसाठीची २८ एफ-१६ लढाऊ विमानं अमेरिकेतच अडकली. एवढं करूनही आपण या माणसाची कदर केली नाही, असं माझं मत.

शेंगदाणा: साफ असहमत. ही दुरुस्ती मदत तोडायला नव्हे, चालू ठेवायला आली. अफगाणिस्तानात रशियन होते, रेगनना पाकिस्तानचे लष्करशहा झिया हवे होते, म्हणून आणखी कडक अटींऐवजी ही मवाळ अट. सलग पाच वर्षं दाखला बिनबोभाट मिळालाच की! फेब्रुवारी १९८९मध्ये रशियन फौजा गेल्या आणि पुढच्याच वर्षी बुशना बॉम्ब दिसला. गरज सरो, वैद्य मरो. यात प्रेसलरांचं कर्तृत्व ते काय?

उंटावरचा शहाणा: सुरुवातीबद्दल मान्य. पण १९९५मध्ये ब्राउन दुरुस्तीने ही अट सैल करायला घेतली, तेव्हा विरोधात उभे कोण राहिले? प्रेसलरच. पुढच्याच वर्षी सिनेटच्या निवडणुकीत डेमोक्रॅट टिम जॉन्सनकडून हरले, तेही बाकी सगळे विद्यमान सिनेटर नोव्हेंबरात तरले असताना.

डकोटाची सून: इकडचे जुने लोक त्यांना ‘ॲबस्कॅम’साठी ओळखतात. एफबीआयने बनावट अरब शेख उभा करून लाच देऊ केली होती. न्यू जर्सीचे सिनेटर विल्यम्स आणि सहा काँग्रेस सदस्य दोषी ठरले, प्रेसलरांनी नकार दिला. २००८मध्ये पक्ष बाजूला ठेवून ओबामांना पाठिंबा दिला, २०१४मध्ये अपक्ष लढले तेव्हा १७ टक्के मतं पडली. भारत-पाकिस्तान इथे कुणाच्या गावीही नसतं.

शेंगदाणा: लाच नाकारली म्हणून हार घालायचे?

डकोटाची सून: अहो, तेव्हा ते स्वतः हेच म्हणाले होते!

शेंगदाणा: बरं, एक गुण दिला. पण नंतर ते इन्फोसिसच्या संचालक मंडळावर होते, तेव्हा मैत्रीचा हिशेब अगदीच निष्काम नसावा. आणि मे १९९८मध्ये चगाईत पाकिस्तानचे अणुस्फोट झालेच ना? बॉम्ब कुठे थांबला?

उंटावरचा शहाणा: बॉम्ब नाही थांबला, विमानं थांबली. कारगिलच्या वेळी ती २८ त्यांच्याकडे नव्हती, हे मला पुरेसं आहे. न्यूझीलंडने ती भाड्याने घ्यायचं ठरवलं होतं, २००० साली तिथल्या पंतप्रधान हेलन क्लार्कनी तो करार मोडला. शेवटी त्यातली काही अमेरिकन नौदलानेच नेली, सरावात शत्रूचं विमान म्हणून उडवायला.