शाळेच्या टायमात पोट्ट्यांचं भजन: चालू द्यावं का बंद करावं?

यवतमाळचा_पालक
नमस्कार मंडळी. आमच्या गावात झेडपीची शाळा आहे आठवीपर्यंत, मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. दिवाळीनंतर सातवी-आठवीचे काही पोट्टे खिचडी खाऊन झाली की मागच्या वर्गात बसून भजन म्हणून राहिले होते, कोणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच सुरू केलं, सगळ्यांना बरं वाटलं. मंग एक सर खंजिरी घेऊन बसायला लागले, घंटा झाल्यावरही १५-२० मिनिटं चालायला लागलं, अन् आता पाचवीपासूनच्या सगळ्याच लेकरांना बसवतात. तिकडं दोन मुसलमान पोरांच्या बापानं विचारलं का मंग आमच्या पोरांना शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजले अर्धा तास सोडा. तेव्हापासून गावात दोन तट पडले. शनिवारी मीटिंग आहे, तुमच्याकडं कसं करतात?

मोझरीकडचा
भाऊ, बंद कायले करता? चांगली गोष्ट पोट्टे आपल्या मनानं करून राहिले. आमच्या अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव होते, तिच्यात सगळ्या जातीधर्माची माणसं एका ओळीत बसतात. तीच ठेवा शाळेत, भांडणच मिटते.

रिटायर_गुर्जी
दोन गोष्टींची गल्लत होऊन राहिली. पोरं सुट्टीत स्वतःहून बसली तर त्यात काही चुकीचं नाही, धर्म पाळायचा हक्क २५ व्या कलमानं त्यांनाही आहे. पण सर खंजिरी घेऊन बसले की ते शाळेचं झालं. घटनेचं कलम २८ सांगते का पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही, अन् अनुदानित किंवा मान्यता असलेल्या शाळेतही लेकराला उपासनेत बसवायचं तर पालकाची संमती लागते. झेडपी तर पूर्ण सरकारीच. वरून तासिकेचा हिशोब पाहा, सहावी ते आठवीले आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं वर्षाचे २२० दिवस अन् १००० तास शिकवणं लागते, रोजचे २० मिनिट गेले तर ७३ तास गेले. आपल्या लेकरांचं गणित काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

वर्ध्याची_आई
मोझरीकडचे दादा, महाराजांबद्दल आमच्या घरात आदरच आहे, पण माझं ऐका. आम्ही बौद्ध. माझ्या पोरीच्या शाळेत असंच होतं, तिनं हात जोडले नाही तर अख्खा वर्ग तिच्याकडं पाहायचा, कोणी रागावलं नाही काही नाही, तरी ती घरी येऊन गप्प बसायची. उठून जायची मोकळीक आहे असं सर म्हणायचे. अकरा वर्षांची पोरगी सरांच्या समोरून उठून जाईल का हो? सामुदायिक म्हणा का काही म्हणा, सर समोर बसले की लेकरू नाही म्हणू शकत नाही.

रिटायर_गुर्जी
ताई बरोबर बोलल्या. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टात केरळच्या तीन लेकरांची केस झाली होती, राष्ट्रगीताले आदरानं उभी राहायची पण धर्मामुळं गायची नाही म्हणून शाळेनं काढलं, कोर्टानं परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत हे, तर भजनाची काय गोष्ट.

मोझरीकडचा
ताई, पोरीचं वाचून वाईट वाटलं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तसंही आमच्या गावात प्रार्थना संध्याकाळीच असते, वावरातून लोक आले की. पोट्ट्यांना तिकडं येऊ द्या, ज्याले यायचं तो येईल. पण सुट्टीतलं त्यांचं भजन बंद करू नका बावा, यावर मी ठाम आहे.

यवतमाळचा_पालक
सुट्टीतलं बंद नाही करत भाऊ. शनिवारी मांडतो: सरांनी बसायचं नाही, कोणाले बोलवायचं नाही, घंटा झाली का सगळे वर्गात. अन् शुक्रवारची मधली सुट्टी जुम्म्याच्या टायमाले जुळवता येते का ते हेडमास्तरांना विचारतो, म्हणजे त्या पोरांचाही तास बुडत नाही. सरांना मात्र राग येणार, माणूस चांगला आहे, मनापासून करते.

वर्ध्याची_आई
सरांना मीटिंगच्या आधी घरी जाऊन भेटा दादा, सगळ्यांसमोर पहिल्यांदा नका बोलू. अन् ठराव रजिस्टरमध्ये लिहून घ्या, आमच्याकडं तोंडी ठरलं होतं, नवीन हेडमास्तर आले अन् परत सुरू झालं.