मदत हवी आहे: ट्रॅक्टरच्या काळात इर्जिक कशी घालावी?

नमस्कार मंडळी. शेजारचे तात्या पाय मोडून घरी पडलेत, त्यांचं 3 एकर रान नांगरायचं राहिलंय. आम्ही इर्जिक घालायची म्हणतोय, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या रानातलं काम बिनमजुरी उरकून द्यायचं. सावडीत, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं काम करण्यात, दिवसाला दिवस फेडावा लागतो, इर्जिकीत तसा हिशेब नसतो. सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायचं, मालकानं पोटभर जेवू घालायचं. पण आता गावात बैलजोड्या दोनच, बाकी ट्रॅक्टर. तात्यांकडून डिझेलचे पैसे घेतले तर ते भाडंच झालं. न घ्यावेत तर कालच म्हणाले, "एवढं मी कुठं फेडू?" त्यांच्या मनावर ओझं नको.

कुणी ट्रॅक्टरनं इर्जिक घातली आहे का? डिझेलचं कसं जमवलंत? मृगाआधी उरकायचंय, लवकर सांगा.