केस गळतात म्हणून बायोटिन: उपयोग की नुसताच खर्च?

तिरफळ:
बाळंतपण झालं, डेंग्यू होऊन गेला, किंवा फणीत चार केस जास्त दिसले, की हल्ली जो तो बायोटिन (ब-गटातलं एक जीवनसत्त्व) सुचवतो. पार्लरवाली, जिमचा ट्रेनर, नणंदेची मैत्रीण, सगळेच. मेडिकलमध्ये १० मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय हातात पडते. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे एकाच गोळीत तीनशेहून जास्त दिवसांचा शिधा! माझं मत स्पष्ट आहे: ज्याला कमतरता नाही, त्याच्या केसांना यातून काही मिळत नाही. २०१७ साली एका आढाव्यात बायोटिनने गुण आलेल्या १८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर प्रत्येकाच्या मुळाशी काहीतरी आजार निघाला. धडधाकट माणसाचा एकही नाही. पटत नसेल तर भांडा.

सायली नागपूरकर:
भांडतेच. बाळ चार महिन्यांचं होतं तेव्हा न्हाणीघराची जाळी माझ्या केसांनी तुंबायची. बायोटिन सुरू केलं आणि काही महिन्यांत कपाळावर बारीक नवे केस दिसायला लागले. आता हा भ्रम म्हणायचा का?

तिरफळ:
केस खरेच आले, सायली. पण बाळंतपणानंतरची गळती बहुतेकींची आपोआप थांबते आणि सहा महिने ते वर्षभरात केस परत येतात. गोळी न घेतलेल्या तुझ्या जावेचेही आले असतील, विचारून बघ.

सायली नागपूरकर:
जावेला मध्ये आणू नका, आधीच बरं चाललेलं नाही. 😄

गवती चहा:
तिरफळताई, सरसकट झोडपू नका. नखं ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात, त्यावर रोज २.५ मिलिग्रॅम देऊन काही जणांची नखं जाड झाल्याचे अभ्यास आहेत. छोटे आहेत आणि जुने आहेत, मान्य. पण 'काहीच होत नाही' हे टोकाचं झालं. फिट्सच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बायोटिन खरंच कमी होतं. आणि काही बाळांना जन्मतः बायोटिनिडेज नावाचं एन्झाइम नसतं. त्यांना हेच ५-१० मिलिग्रॅम रोज, आयुष्यभर द्यावं लागतं, नाहीतर झटके येतात, ऐकू येणं जातं. त्या आईवडिलांना सांगा बघू 'नुसता खर्च'.

तिरफळ:
त्या बाळांसाठी ते औषधच आहे, त्यावर वाद नाही. मी बोलतेय ती केसांसाठी बायोटिनच्या रंगीत गमीज (जेलीसारख्या गोड गोळ्या) चघळणाऱ्यांबद्दल.

बोरकूट:
पण नुकसान तरी काय? पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व. जास्तीचं लघवीवाटे जातं. महागडी लघवी, एवढंच ना?

लॅबवाला:
एवढंच नाही हो. लॅबमध्ये काम करतो म्हणून सांगतो. हार्मोनच्या बऱ्याच चाचण्यांत मशीन बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन, ही जोडी वापरूनच मोजतं. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की गणित चुकतं. थायरॉईडला कामाला लावणारं टीएसएच खोटं कमी, थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन टी३-टी४ खोटे जास्त. रिपोर्ट बघून वाटावं थायरॉईड उसळलाय, आणि माणूस ठणठणीत! सगळ्याच मशीनवर असं होत नाही, पण तुमच्या लॅबचं मशीन कोणतं हे तुम्हाला कुठे माहीत असतं? हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन चाचणीही अशीच खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये यावर इशारा दिला, त्यात एका रुग्णाच्या मृत्यूचा उल्लेख होता. आमच्याकडे येणारे बीपीची गोळी, शुगरची गोळी सगळं सांगतात. बायोटिन कोणी सांगत नाही, कारण ते 'औषध' वाटतच नाही.

बोरकूट:
बापरे. माझी परवा थायरॉईडची टेस्ट आहे आणि आज सकाळीच गोळी घेतली. काय करू?

लॅबवाला:
टेस्ट पुढे ढकला. किमान दोन दिवस गोळी बंद ठेवायची, डोस मोठा असेल तर तीन दिवस धरा. आणि रक्त घेणाऱ्याला, डॉक्टरांना, दोघांनाही सांगा. इमर्जन्सीत गोळी बंद करायला वेळ नसतो, म्हणून घरच्यांनाही माहीत असू द्या.

गवती चहा:
हे मात्र पाकिटावर ठळक छापायला हवं. आणि केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड बघा. आपल्या बायकांत लोह कमी असणं हे रोजचंच, आणि ते बायोटिनने भरून निघत नाही.

सायली नागपूरकर:
माझं हिमोग्लोबिन ९ होतं तेव्हा. लोहाच्या गोळ्याही चालूच होत्या.

तिरफळ:
घ्या! आणि श्रेय बायोटिनला?

सायली नागपूरकर:
बरं बरं. डबीतल्या उरलेल्या गोळ्या संपवते, मग बघू.