जानेवारीची सहल : तंबू कोणत्या धरणाकाठी?

सचिव (ए-१०२) : आपल्या सांगलीच्या सोसायटीतील सर्व सभासदांना नमस्कार. वार्षिक सहलीत या वेळी हॉटेलऐवजी एखाद्या जलाशयाच्या काठी तंबूत एक रात्र मुक्काम करावा, असे मासिक सभेत बहुमताने ठरले आहे. आतापर्यंत बामणोली, तापोळा, कास, चांदोली आणि धोम अशी नावे पुढे आली आहेत. येणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी आणि अगदी लहान मुलेही आहेत, हे लक्षात घेऊन प्रत्येकाने आपले मत कारणांसह लिहावे. मुलांच्या परीक्षा संपल्यावर, म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जावे असा तूर्त विचार आहे. चर्चा पूर्ण होईपर्यंत ‘शुभ सकाळ’चे संदेश थांबवावेत, ही विनंती.

सी-३०१ : माझे मत तापोळ्याला. महाबळेश्वरहून खाली उतरले की शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय लागतो, आणि तिथल्या तंबूंची जी छायाचित्रे मी पाहिली आहेत त्यांत अक्षरशः तंबूच्या दारापाशी पाणी आहे. मुलांना आयुष्यभर लक्षात राहील अशी जागा आहे.

बी-२०४ : सचिवसाहेब, पाटबंधारे खात्यातली नोकरी संपली तरी सवय जात नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. धरणाच्या काठी मुक्कामाची जागा शोधताना आधी महिना ठरवावा लागतो आणि मग जागा, कारण डोंगर जागचा हलत नसला तरी धरणाचा काठ वर्षभर हलत असतो. दारापाशी पाणी दिसणारी छायाचित्रे पावसाळा संपता संपता, धरण काठोकाठ भरलेले असताना काढलेली असतात. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी आणि कोयनेचा विसर्ग हे दोन आकडे आपण देवाच्या नावाआधी वाचतो. पण उरलेल्या वर्षात त्या साठ्याचे काय होते याकडे आपले फारसे लक्ष नसते. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वळवले जाते, आणि उन्हाळ्यात ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी कृष्णेत सोडले जाणारे पाणीही तिथूनच येते. म्हणजे मे महिन्यात तापोळ्याच्या तंबूसमोरून जे पाणी नाहीसे झालेले असेल, त्यातले काही आपल्याच शिवारात पोचलेले असेल.

आता हे पाणी मागे कसे सरकते ते पाहा. काठाचा उतार वीस फुटांना एक फूट असा सौम्य असेल, तर पातळी दहा फूट खाली गेल्याबरोबर पाण्याची कड दोनशे फूट लांब जाते. आणि मे अखेरपर्यंत पातळी दहा फुटांपेक्षा कितीतरी अधिक उतरते. मध्ये जो पट्टा उघडा पडतो तो वाळूचा नसतो, गाळाचा असतो. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो, पण पाण्याजवळ त्या पापुद्र्याखाली ओला चिखल असतो आणि त्यात मोठ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जाऊ शकतो. तेव्हा मे महिन्यात जायचे असेल तर तंबूतून पाणी दिसेल, पण पाण्यापर्यंत जाता येईलच असे नाही.

ए-३०३ : काका, मग काठाजवळ म्हणजे नेमके कुठे राहायचे? पाणी मागे गेले की तंबू पुढे नेता येत नाही का?

बी-२०४ : काही जण नेतात, आणि तोच माझा आक्षेप आहे. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथपर्यंत पोचते त्या रेषेच्या आतली जमीन बुडीत क्षेत्रात येते आणि ती शासनाने संपादित केलेली असते. पाणी ओसरल्यावर तिथे काही ठिकाणी गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, केली जाते, पण त्यासाठीही परवानगी लागते. त्यामुळे ज्याचे तंबू आणि मुख्य म्हणजे ज्याची शौचालये त्या रेषेच्या वर, स्वतःच्या मालकीच्या जमिनीत आहेत, त्याच्याशीच व्यवहार करावा. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा. जो माणूस या प्रश्नावर चिडतो त्याच्याकडे जाऊ नये.

ए-२०१ : मूळची सातारची म्हणून सांगते, कासचे नाव यादीतून काढावे. कासच्या तळ्याचे पाणी सातारा शहर पिते. तिथे चाळीस माणसांनी तंबू ठोकून भांडी घासावीत, ही कल्पनाच मला सहन होत नाही. पठारावर तर मुक्काम करताच येत नाही. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे आणि तिथला फुलांचा हंगाम ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. मे महिन्यात तिथे फूल शोधणाऱ्याला वाळलेले गवत आणि कातळ दिसेल.

सी-१०४ : आमच्या शिराळ्याकडचे चांदोली आपल्याला सर्वांत जवळ पडेल. सांगली जिल्ह्यातले असूनही आपल्यापैकी निम्म्या लोकांनी तिथला वारणा नदीवरचा जलाशय पाहिलेला नसेल. तरीही मुक्कामासाठी मी त्याचा आग्रह धरणार नाही, कारण धरणाच्या वरचा बहुतेक काठ चांदोली राष्ट्रीय उद्यानात येतो आणि ते उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीने दिवसा जावे आणि बाहेर यावे. गवे, अस्वले आणि बिबटे असलेल्या जंगलाच्या काठी आपण रात्री अंताक्षरी खेळत बसणे त्यांना आवडणार नाही. चांदोलीसाठी एक स्वतंत्र रविवार ठेवू.

सी-३०१ : मग शिवसागराच्याच काठचे बामणोली घेऊ. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे रस्ता आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने पलीकडे जाऊन वासोटा किल्लाही होईल.

बी-२०२ : दादा, उत्साह समजला, पण वासोटा हा या सहलीत जोडून घेण्याचा विषय नाही. किल्ला कोयना अभयारण्यात आहे, बामणोलीला वनविभागाची परवानगी काढावी लागते, सोबत नेलेल्या प्लॅस्टिकची तपासणी होते, जलाशय बोटीने ओलांडायलाच बराच वेळ जातो आणि त्यानंतर दाट जंगलातली चढण आहे. पलीकडे मुक्काम करता येत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत परतावेच लागते. तुम्ही आठ-दहा तरुणांनी वेगळी मोहीम काढावी. माझा मुलगाही येईल. आजी-आजोबांना मात्र दिवसभर काठावर बसवून ठेवू नये.

डॉक्टर (बी-१०१) : ज्येष्ठांच्या बाजूने मी काही मुद्दे मांडते. बामणोलीहून सातारा सुमारे ३५ किलोमीटर आहे आणि तो रस्ता घाटाचा आहे. रात्री दोन वाजता एखाद्याच्या छातीत दुखू लागले तर हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. आपल्याकडे मधुमेह, रक्तदाब आणि गुडघ्यांचे रुग्ण आहेत, त्यामुळे तंबूपासून शौचालय किती पावलांवर आहे, ते कमोडचे आहे का, वाटेवर रात्रभर दिवा असतो का आणि मोबाइलला रेंज मिळते का, हे प्रश्न मला सूर्यास्ताच्या देखाव्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात.

दुसरे म्हणजे मे महिन्यात दुपारी कापडी तंबू अक्षरशः तापतो. लहान मुलांना आत झोपवता येणार नाही. थंडीत जावे, पण थंडीचीही एक शिस्त आहे. जलाशयाकाठी रात्री गार हवा खोलगट भागात साचते, दव भरपूर पडते आणि श्वासाची वाफ आतून कापडावर जमून पहाटे अंथरुणावर ठिबकते. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या परिसरात तर काही वर्षी दव गोठल्याच्या बातम्या येतात. म्हणून पांघरुणापेक्षा खालच्या जाड गादीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण थंडी जमिनीतून येते. आणि कितीही गारठा असला तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेऊ नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याची संधीही तो देत नाही. या एका गोष्टीवर मी कोणाशीही वाद घालणार नाही.

ए-३०३ : डॉक्टर, हे माहीत नव्हते. सासूबाई शेगडी घेण्याचेच म्हणत होत्या, त्यांना दाखवते.

सी-२०२ : थंडीत जायचे असेल तर नाताळ ते एकतीस डिसेंबर हे दिवस कृपया टाळावेत. आमचे नातेवाईक गेल्या वर्षाखेरीस एका तलावाकाठच्या तंबूंत राहिले होते. शांततेचे पैसे भरले आणि पहाटेपर्यंत ध्वनिक्षेपक ऐकला. विचारल्यावर उत्तर मिळाले की आवाज शेजारच्या जागेतला आहे. त्यामुळे आपल्या जागेचे नियम विचारणे पुरेसे नाही, पाणी आवाज लांबवर नेते, म्हणून आजूबाजूला कोण आहे तेही विचारावे.

ए-१०४ : आम्ही बँकेतले लोक दुसऱ्या शनिवारी मोकळे असतो. जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार धरला तर गर्दी ओसरलेली असेल आणि संक्रांतीला घरीही असू.

बी-२०४ : जानेवारी उत्तम. त्या वेळी धरणांत साठा चांगला असतो, गाळाचा पट्टा फार मोठा झालेला नसतो आणि हवा स्वच्छ असते. महिना ठरला, आता जागेचे बोलू. माझे मत धोमला आहे.

कारण सांगतो. धोम १३.५० टीएमसीचे, म्हणजे कोयनेच्या तुलनेत लहान धरण आहे, पण कृष्णा तिथे नुकतीच डोंगरातून उतरलेली असते आणि जलाशयाच्या मागे पाचगणीचे कडे उभे असतात. महामार्गावरून पाचवड फाट्याला वळले की वाई, आणि वाईपासून धोम आठ-दहा किलोमीटर. घाट न चढता मिनीबस काठाच्या जवळपर्यंत जाते. डॉक्टरांनी काढलेला मुद्दाही तिथे सुटतो, कारण वाईत रुग्णालये आहेत. कण्हेर धरणाचाही मी विचार केला होता, ते साताऱ्याला अधिक जवळ आहे. परंतु मुलांना दुसऱ्या दिवशी दाखवण्यासारखे वाईच्या परिसरात जितके आहे तितके तिथे नाही. रब्बीच्या आवर्तनामुळे, म्हणजे पिकांसाठी सोडलेल्या पाण्यामुळे, धोमची पातळीही जानेवारीत थोडी उतरलेली असते. ती त्या आठवड्यात किती आहे ते रोजच्या बातमीत कळते, आणि जागा पाहायला जाताना मी ते पडताळून घेईन.

ए-२०१ : धोमला माझेही अनुमोदन. गावातल्या देवळातला कासवावरचा नंदी मुलांना फार आवडेल. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. रविवारी पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे भिलारला गेलो तर २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे, घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. शिवाय जानेवारीत स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो, म्हणजे ज्यांना पुस्तके नकोत त्यांचीही सोय झाली.

सी-३०१ : तापोळ्याचे पाणी विस्तीर्ण आहे आणि धोमला तो भव्यपणा नाही, असे मला अजूनही वाटते, पण आई-बाबा सोबत आहेत, म्हणून मान्य. मुलांना पाण्यात उतरता येईल ना?

बी-२०४ : नाही, आणि हे आधीच स्पष्ट लिहितो म्हणजे तिथे कोणाचा विरस होणार नाही. धरणाचा तळ हा मुळात नदीचे पात्र, शेतांचे बांध, विहिरी आणि ओढे यांचा बनलेला असतो. काठापासून चार पावले घोट्याइतके पाणी असते आणि पाचव्या पावलाला जुन्या बांधाची किंवा ओढ्याची कड येऊ शकते. पोहता येणारी माणसेही अशा ठिकाणी बुडतात, कारण गाळात पाय रुतला की पोहण्याचा उपयोग होत नाही. पाण्याच्या कडेला दोरी बांधून घ्यावी, मुलांसोबत आळीपाळीने दोन मोठी माणसे असावीत, आणि बोटीत बसायचे असेल तर प्रत्येकाला त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट असल्याखेरीज कोणी बसू नये. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जाते.

बी-२०२ : शेकोटीचेही ठरवून घेऊ. सातारकडच्या डोंगरांवर जानेवारीपासून गवत वाळते आणि वणवे लागतात. शेकोटी ठरलेल्या खड्ड्यातच, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवलेली असावी.

ए-३०३ : खाण्याचे पदार्थ कोण आणणार? भडंग आमच्याकडून. सांगलीहून निघून भडंग नसेल तर सहल झाली असे मी मानणार नाही.

सचिव (ए-१०२) : सर्वांचे आभार. जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार आणि धोमचा काठ यावर सहमती दिसते. या रविवारी बी-२०४ चे काका, डॉक्टर आणि मी असे तिघे जाऊन जागा प्रत्यक्ष पाहू. बुडीत क्षेत्राच्या रेषेबाहेरची जागा, कमोडसह पुरेशी शौचालये, रात्रभर उजेड, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद आणि लाइफ जॅकेट, एवढे लेखी मिळाले तरच आगाऊ रक्कम देऊ. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी त्याच आवारात दोन-तीन पक्क्या खोल्या मिळतात का तेही पाहू. नसल्यास त्यांची सोय वाईत करावी लागेल आणि त्याचा खर्च सर्वांत वाटला जाईल. ज्यांना यावर हरकत आहे त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवावे.

सी-१०४ : खर्चावर हरकत नाही. बाबांची खोली तळमजल्यावर असावी, एवढे पाहावे.

डॉक्टर (बी-१०१) : नोंद घेतली. प्रत्येक घराने आपापल्या ज्येष्ठांच्या औषधांची यादी मला खासगी संदेशात पाठवावी, ग्रुपवर नको.