'कनिकर'ला मराठीत काय म्हणावं? दया, करुणा की कळवळा?

खानापूरकर:
चर्चच्या पत्रकासाठी कन्नडवरून मराठी करतोय. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो तो भाग. कन्नडात 'कनिकरपट्टु' आहे. मी 'दया येऊन' लिहिलं, एका ज्येष्ठांनी खोडून 'करुणा' केलं. मला दोन्ही पटेनात. दया वरून खाली येते, आणि इथे तर तो हात पुढे करून शिवतो. जुन्या नियमशास्त्राप्रमाणे असा रोगी छावणीबाहेर राहायचा, स्वतःच 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडायचा. त्याला शिवणारा स्वतः विटाळायचा.

शहापूरची:
कळवळा! आमच्या घरच्या मराठी बायबलात तोच आहे. मूळ ग्रीक क्रियापदही आतड्यांवरून आलंय. आपणही आतडं तुटलं म्हणतोच की. तुकोबांचं 'ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती' आठवा. अजून काय पाहिजे?

निपाणीकर:
शब्द चांगला, पण आपल्याकडे तो नासलाय. निवडणूक आली की दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना सीमावासीयांचा कळवळा येतो. पत्रकात वाचून लोकांना सभाच आठवेल.

शहापूरची:
सभेत कुणी वापरला म्हणून आयांनी सोडायचा काय? मी नाही सोडणार.

चंदगडी:
'कणव' का नको? माझ्या मते कणव आणि कनवाळू या कनिकरच्याच बहिणी. कन्नड आणि मराठी इथे एकाच विहिरीचं पाणी पितात.

निपाणीकर:
पुरावा द्या. कणव 'करुणा'वरूनच आला असणार. प्रत्येक शब्द कन्नडातून आणायची गरज नाही.

चंदगडी:
आणि प्रत्येक शब्द संस्कृतातून आणायची आहे होय? वडगावच्या बाजारात अर्धा तास उभं राहा, मग बोलू.

हिंडलग्याची:
शब्द कोणताही घ्या, पण पत्रकात 'महारोगी' लिहू नका, विनंती आहे. माझी आजी 'रगतपिती' म्हणायची. दारात असा माणूस आला की पाणी उंचावरून त्याच्या ओंजळीत ओतायची, तांब्या टेकू द्यायची नाही. मनानं वाईट नव्हती, भ्यायची. पुढे मिशनच्या दवाखान्यात एका नर्सबाईंना बघितलं. त्या स्टुलावर बसून रोग्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या, बोटांच्या बेचक्यातलं जुनं ड्रेसिंग भिजवून भिजवून सोडवायच्या, त्याच्या शेताची चौकशी करत. त्या पायाला दुखत नसे, संवेदनाच गेलेली. तरी हात हलकाच. त्याला दया म्हणवत नाही मला.

निपाणीकर:
आजींचा शब्द चुकीचा आहे, एवढं नोंदवतो. आयुर्वेदातलं रक्तपित्त म्हणजे रक्तस्राव, कुष्ठ वेगळं.

हिंडलग्याची:
गावानं वापरला तो गावाचा अर्थ. चुकीची होती ती भीती. 1898चा कुष्ठरोग्यांना कोंडणारा कायदा 2016 साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 पर्यंत चालत होतं. बहुविध औषधोपचार 1980च्या दशकापासून आहे, रोग पूर्ण बरा होतो, तरी!

खानापूरकर:
त्याच अध्यायातली पंचेचाळिसावी ओवी वाचा सगळ्यांनी. बरा झालेला माणूस गावात गेला, आणि येशूला उघडपणे गावात शिरता येईना, बाहेर ओसाड जागी राहावं लागलं. जागांची अदलाबदल झाली. हे पेलणारा शब्द पाहिजे मला.

शहापूरची:
ओवी नाही हो, वचन.

चंदगडी:
ओवी म्हटलं तर काय बिघडलं? फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओव्यांतच लिहिलंय, 1616ला छापलं.

निपाणीकर:
ते काव्य, हे गद्य. वचनच बरोबर.

चंदगडी:
मग ज्ञानेश्वरीला काय म्हणता?